हाडांची साक्ष

श्रीलंकेतील यादवी युद्ध १९८३ पासून २००९ पर्यंत चालले. त्या काळावरील साहित्यात मायकेल ओंडात्जे यांच्या 'अनिल्स घोस्ट' (२०००) या इंग्रजी कादंबरीचे स्थान आम्ही वरचे मानतो. तरीही तिच्याविषयी आमची एक तक्रार आहे.

अनिल ही परदेशात शिकलेली न्यायवैद्यक तज्ज्ञ. मानवाधिकारांच्या आंतरराष्ट्रीय चौकशीसाठी ती पंधरा वर्षांनी मायदेशी येते. पुरातत्त्वज्ञ सरत याच्यासह काम करताना तिला प्राचीन अस्थींच्या सोबतीने पुरलेला एक अलीकडचा सांगाडा सापडतो. जागा अशी की, सरकारी माणसांखेरीज तेथे कोणासही प्रवेश नाही. त्यामुळे मृताचे नाव कळण्यापूर्वीच मारेकऱ्याकडे बोट जाते. ज्या पहाऱ्याने रक्षण करावयाचे, त्याच्याच आडोशाला प्रेत लपविले जाते, हे लेखकाने एकाही व्याख्यानाविना दाखविले आहे.

पुढे भर सभेत सरत अनिलच्या पुराव्यावर तुटून पडतो. तो फितला, असे वाचकाला वाटते. वास्तविक तिला आणि त्या सांगाड्याला वाचविण्यासाठी त्याने हा कमीपणा पत्करलेला असतो. त्याची किंमत तो प्राणांनी मोजतो. त्याचा छळलेला देह त्याच्या डॉक्टर भावासमोरच येतो. हा प्रसंग वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो.

मग तक्रार कोणती? लेखकाची करुणा मृतांपाशी थांबते, यंत्रणेपर्यंत जात नाही. १९७९ च्या दहशतवाद प्रतिबंधक कायद्याने खटल्याविना अठरा महिने स्थानबद्धता शक्य झाली आणि पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुरावा ठरला. १९८३ च्या आणीबाणी नियमाने तर मरणोत्तर चौकशीवाचून प्रेताची विल्हेवाट लावण्याची मुभा दिली. असे नियम माणसेच लिहितात, माणसेच राबवितात. कादंबरीत मात्र ती माणसे सावल्यांसारखी वावरतात. ठाण्यातला शिपाई रात्री घरी जाऊन मुलांशी काय बोलत असेल, हा प्रश्न तिला पडत नाही.

कादंबरी म्हणजे आरोपपत्र नव्हे, असे कोणी म्हणेल. ते आम्हांस मान्य आहे. परंतु नाव शोधणे हाच न्यायाचा आरंभ, ही कसोटी लेखकानेच घालून दिली आहे. त्या सांगाड्याला अखेर नाव मिळते: रुवन कुमारा, खाणीतला एक गरीब कामगार. मारणाऱ्याला ते मिळत नाही. लेखकाच्याच कसोटीवर न्याय अर्धा राहतो.

२०१६ च्या कायद्याने श्रीलंकेत बेपत्ता व्यक्तींसाठी कार्यालय निर्माण झाले. तरीही २०१७ मध्ये किलिनोच्चीत नातेवाइकांना रस्त्याकडेला धरणे धरावे लागले. आपली माणसे कोठे आहेत, हे त्या आया विचारीत होत्या. त्यांना कोणी नेले, हेही विचारीत होत्या. पहिल्या प्रश्नाला ही कादंबरी थोर मनाने सामोरी जाते. दुसरा प्रश्न मात्र ती तसाच सोडून देते.