नालाकृती मूत्रपिंड आणि महाधमनी-विस्फाराचे उपचार : रुग्णवृत्तांतांची चिकित्सा

प्रस्तावना :
उदरातील महाधमनीची भिंत दुबळी होऊन ती फुगते, त्यास धमनीविस्फार म्हणतात. पुरुषांमध्ये तिचा व्यास साधारणतः 5.5 सेंटिमीटर झाल्यावर शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्याच रुग्णाची मूत्रपिंडे जन्मतः खालच्या टोकांशी जुळलेली असल्यास हा निर्णय अवघड बनतो. सुमारे 400 ते 600 व्यक्तींमागे एकात आढळणारे हे नालाकृती मूत्रपिंड महाधमनीसमोर आडवे असते व त्यास अनेकदा अतिरिक्त धमन्यांतून रक्त मिळते. हे दोन्ही विकार एकत्र असणारे रुग्ण विरळ असल्याने उपचारविषयक ज्ञान मुख्यतः सुट्या रुग्णवृत्तांतांवर उभे आहे. त्यांतील ‘यशस्वी’ या शब्दाची चिकित्सा येथे अभिप्रेत आहे.

विवेचन :
उदर उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत जोडभाग छेदल्यास रक्तस्राव, मूत्रगळती व जंतुसंसर्ग यांचा धोका असतो. ब्युनोस आयर्स येथे हुआन पारोदी यांनी 1990 मध्ये धमनीमार्गे कृत्रिम नलिका बसविली आणि जोडभाग टाळण्याची वाट खुली झाली. मात्र ही नलिका अतिरिक्त धमन्यांची मुखे झाकते आणि मूत्रपिंडाचा तेवढा भाग मृत होऊ शकतो. अमेरिकेतील रक्तवाहिनी शल्यचिकित्सकांच्या संघटनेने 2018 मध्ये 3 मिलिमीटर वा अधिक व्यासाच्या, अथवा एक तृतीयांशाहून अधिक मूत्रपिंडास रक्त पुरविणाऱ्या अतिरिक्त धमन्या राखण्याचे सुचविले. हे दोन्ही निकष आकाराचे आहेत, कार्याचे नाहीत. पुढे रक्तातील क्रिएटिनिन स्थिर राहिले की उपचार यशस्वी ठरविला जातो. परंतु मूत्रपिंडाची बरीच क्षमता गमावल्यानंतरही क्रिएटिनिन सामान्य मर्यादेत राहू शकते.

कार्य मोजण्याचे साधन मुंबईस अपरिचित नाही. ट्रॉम्बे येथील ‘ध्रुव’ अणुभट्टीत (1985) वैद्यकीय समस्थानिके निर्माण होतात. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून परळ येथे कार्यरत आहे. टेक्नेशियम-99एम वापरून केलेल्या चित्रणातून मूत्रपिंडाचा कोणता भाग किती कार्य करतो, जोडभाग सजीव आहे की केवळ तंतुमय, हे कळते. सीटी अँजिओग्राफी धमनीचा मार्ग दाखविते. ती झाकल्यास काय गमवावे लागेल, याचा अंदाज समस्थानिक चित्रणातून बांधता येतो.

निष्कर्ष :
विस्फार फुटलेल्या रुग्णाबाबत अशा तपासणीस अवधी नसतो. तेथे प्राण वाचणे हेच यश होय. नियोजित शस्त्रक्रियेस मात्र ही सबब लागू पडत नाही. उपचारापूर्वीचे व नंतरचे विभागवार कार्य ज्या वृत्तांतात नोंदलेले नाही, तो रुग्ण वाचल्याची ग्वाही देतो, मूत्रपिंड वाचल्याची नव्हे. आधीच मूत्रपिंड दुबळे असलेल्या रुग्णासाठी हा भेद डायलिसिसपर्यंतच्या अंतराचा असतो.