शांततेचा जमाखर्च

कौटिलीय अर्थशास्त्र वाचायला घेतले की मराठी वाचकाची पहिली अडचण अशी की त्यातले शब्द त्याला अनोळखी वाटत नाहीत. कोश म्हणजे शब्दकोश, व्यायाम म्हणजे जोर-बैठका, प्रवास म्हणजे एसटीची खिडकी, क्षय म्हणजे टीबी, आणि संधी म्हणजे नोकरीची संधी. ग्रंथात मात्र कोश म्हणजे खजिना, व्यायाम म्हणजे उद्यम, प्रवास म्हणजे घरदार सोडून दूर पडून राहणे, क्षय म्हणजे माणसांची नि जनावरांची हानी आणि संधी म्हणजे तह. हिंदी वाचक निदान ‘संधी’पाशी अडखळत नाही. बंगाली वाचकाला ‘युद्धविग्रह’ या जोडशब्दामुळे ‘विग्रह’ ओळखता येतो. मराठी वाचक मात्र विग्रह म्हटले की समास सोडवू लागतो. अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतो. ओळखीच्या शब्दासाठी उघडत नाही, आणि चूक तिथेच होते.

ही चूक केवळ शब्दांपुरती राहिली असती तर तिच्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. पण या ग्रंथाचे एकूण वाचनच आज तिने व्यापले आहे. चाणक्य म्हणजे धूर्तपणा, चाणक्य म्हणजे शत्रूवर मात, अशी समजूत व्यवस्थापनाच्या पुस्तकांपासून निवडणुकीच्या बातम्यांपर्यंत सगळीकडे दिसते. संरक्षणविषयक लेखांत त्याचा ‘मंडल’ सिद्धांत हमखास येतो: शेजारचा राजा तो शत्रू, शत्रूच्या पलीकडचा तो मित्र. हा सिद्धांत सहाव्या अधिकरणाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. त्याच अध्यायाची सुरुवात मात्र क्वचितच कोणी सांगते. ती शत्रूपासून होत नाही. ती होते योगक्षेमापासून.

योगक्षेम हा शब्द आयुर्विमा महामंडळाच्या बोधवाक्यामुळे घरोघरी पोचलेला आहे. जे नाही ते मिळवणे हा योग, जे मिळाले ते टिकवणे हे क्षेम. कौटिल्य म्हणतो, या दोहोंचा उगम शम आणि व्यायाम यांत आहे. आणि लगेच तो दोन्ही शब्दांच्या व्याख्या देतो. हाती घेतलेली कामे तडीस नेते ते व्यायाम. केलेल्या कामाचे फळ निर्धास्तपणे भोगता येते तो शम. पुढे तो सांगतो की या दोहोंचा उगम षाड्गुण्यात, म्हणजे संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव या सहा धोरणांत आहे. राजमंडलाची सगळी मांडणी येते ती त्यानंतर. म्हणजे युद्ध आणि तह ही साधने, आणि योगक्षेम हे साध्य. मंडल सांगायचे आणि हे आरंभीचे वाक्य वगळायचे, म्हणजे साधनालाच साध्य करून टाकायचे.

शमाची ही व्याख्या मला या ग्रंथातली सर्वांत मोलाची ओळ वाटते. तिच्यात करुणा नाही, धर्म नाही, मनःशांती तर नाहीच. युद्ध नसणे म्हणजे शम, असेही ती म्हणत नाही. ती शांततेची आर्थिक व्याख्या आहे: कामाचे फळ हाती पडणे आणि हाती पडलेले कोणी हिसकावून न नेणे.

सातव्या अधिकरणात हाच हिशेब पुढे चालतो. तहातून आणि युद्धातून सारखीच वृद्धी होणार असेल तर तह करावा, असा तिथला सल्ला आहे. कारणेही नैतिक नाहीत. युद्धात क्षय, व्यय, प्रवास आणि प्रत्यवाय होतात. नवव्या अधिकरणात यांपैकी पहिल्या दोन शब्दांच्या व्याख्या हिशेबनीसाच्या काटेकोरपणाने केल्या आहेत: वाहतुकीची जनावरे नि माणसे कमी होणे तो क्षय, सोने नि धान्य कमी होणे तो व्यय. या दोहोंहून लाभ अनेक पटींनी मोठा असेल तरच स्वारीवर निघावे. अर्थात कौटिल्याला शांततावादी ठरवण्याची घाई नको. लाभ तेवढा दिसला तर तो निघा असेच सांगतो. पण सिद्ध करण्याचा भार तो युद्धावर टाकतो. पारडी समान असतील तर कौल तहाच्या बाजूने. चाणक्याच्या नावाने जे खपवले जाते त्यात हा नियम मला फारसा कुठे भेटलेला नाही.

भाषांतरांकडे येतो. 1905 मध्ये तंजावर जिल्ह्यातल्या एका पंडिताने ग्रंथाची पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आणून दिली. रुद्रपट्टण शामशास्त्रींनी 1909 मध्ये संहिता छापली आणि 1915 मध्ये इंग्रजी भाषांतर. पुढे मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कांगले यांनी 1960 ते 1965 या काळात संहिता, भाषांतर आणि अभ्यास असे तीन खंड सिद्ध केले. ‘व्यायाम’साठी शामशास्त्रींनी ‘इंडस्ट्री’ हा शब्द घेतला, कांगल्यांनी ‘ॲक्टिव्हिटी’. कांगल्यांचा शब्द सुरक्षित आहे, पण त्यात घाम नाही. शामशास्त्रींच्या शब्दाला त्यांच्या काळात कष्टाळूपणाचा अर्थ होता. आज तो वाचला की कारखान्याची चिमणी दिसते. गंमत अशी की मराठीतल्या ‘उद्योग’ शब्दाचाही हाच प्रवास झाला आहे. उद्योगी मूल वेगळे, उद्योगपती वेगळा, आणि ‘नसते उद्योग’ आणखी वेगळे. तरी व्यायामासाठी मी ‘उद्योग’च घेईन. तिन्ही अर्थांत हालचाल तरी आहे.

‘शम’ मात्र कठीण. ‘शांती’ म्हटले की वास्तुशांती नाहीतर ध्यानधारणा. ‘शांतता’ म्हटले तर मराठीत तो आधी आवाज बंद करण्याचा शब्द आहे. तेंडुलकरांनी 1967 च्या नाटकाच्या शीर्षकात त्याचे जे केले त्यानंतर तो निरागसपणे वापरणे अवघडच. शांतता म्हणजे कुणीतरी गप्प बसणे, हा अर्थ भाषेनेच आपल्याला दिला आहे. ‘सुरक्षा’ म्हटले तर डोळ्यांपुढे कुंपण, कॅमेरा आणि गणवेश येतो; आत काय आहे, कुणाचे आहे, हे येत नाही. कौटिल्याच्या क्षेमात आधी फळ आहे, मग राखण. आपल्या सुरक्षेत राखणच उरली आहे. संरक्षणाच्या खर्चाची चर्चा आकड्यांनी सुरू होऊन आकड्यांनीच संपते याचे एक कारण मला या शब्दात दिसते. कशाचे रक्षण, हा प्रश्न शब्दाच्या आत उरलेलाच नाही.

इथवर मी ग्रंथाची बाजू घेतली. आता उलट बाजू. फळ कोणाचे? व्याख्या अगदी उघडी आहे, पण ग्रंथ राजासाठी लिहिलेला आहे, आणि खातेवही राजाची आहे. क्षयाच्या व्याख्येत माणूस नि बैल एकाच रकान्यात बसतात. तेराव्या अधिकरणात जिंकलेल्या मुलखाच्या ‘प्रशमना’ची कलमे आहेत, शम तिथे पुन्हा येतो. जेत्याने तिथल्या लोकांसारखे शील, वेष, भाषा आणि आचार स्वीकारावेत, बंदिवान सोडावेत, दीनदुबळ्यांवर नि रोग्यांवर अनुग्रह करावा. जेत्याने जितांची भाषा उचलावी, हे वाचून कोणाही भाषांतरकाराला बरे वाटेल. पण त्याच प्रकरणात चोर आणि म्लेच्छ जातींची वस्ती हलवण्याचा सल्लाही आहे. ज्यांची वस्ती हलवली त्यांच्या कामाचे फळ कुठे गेले, याची नोंद कोणत्याच रकान्यात नाही.

ही नोंद प्राचीन काळी कोणालाच सुचली नव्हती असे नाही. अशोकाच्या तेराव्या शिलालेखातही हिशेब आहे: कलिंगातून दीड लाख माणसे हलवली गेली, एक लाख मारली गेली, त्याच्या कित्येक पट मेली. पण लेख तिथे थांबत नाही. ज्यांना स्वतःला काही झाले नाही, पण ज्यांचे मित्र, आप्त, सोबती संकटात सापडले, त्यांचे दुःखही तो मोजणीत धरतो. अर्थशास्त्राच्या काळाविषयी वाद आहे. कांगले त्याला मौर्यकालीन मानत, तर पॅट्रिक ऑलिव्हेल त्याला बरेच पुढे आणतात. म्हणून कोणी कोणाला उत्तर दिले असे म्हणता येत नाही. पण दोन्ही शेजारी ठेवून वाचले की एका वहीत कोणता रकाना नाही ते कळते. तसेच हेही खरे की लेखातला पश्चात्ताप विजयानंतरचा आहे आणि कलिंग परत दिल्याचे त्यात कुठे नाही. कौटिल्य निदान निघण्यापूर्वी हिशेब मांडायला सांगतो.

राहता राहिला ‘शम’. त्या व्याख्येच्या सर्वांत जवळ जाणारे मराठी मला कोशात नव्हे, स्वयंपाकघरात सापडते: ‘चार घास सुखाने खाणे’. कष्ट करून आलेल्या माणसाच्या संदर्भात ते बोलले जाते, आणि ते न मिळण्याची तक्रार म्हणूनच बहुधा बोलले जाते. कामाचे फळ, त्याचा उपभोग, आणि मध्ये कोणी न येणे, सगळे त्यात आहे. भाषांतरात ते घालण्याचा मोह मला अनेकदा होतो. पण घातले तर राजाच्या वहीत मी गुपचूप शेतकऱ्याचे नाव लिहिल्यासारखे होईल, आणि कौटिल्य होता त्याहून दयाळू दिसेल. म्हणून संहितेत मी ‘शम’ तसाच ठेवीन आणि त्याखाली व्याख्या उलगडून देईन. वाक्प्रचार या लेखातच राहू दे. पुढच्या वेळी कोणी चाणक्याच्या नावाने युद्धाची भाषा बोलू लागला, तर त्याला त्या अध्यायाचे पहिले वाक्य दाखवावे आणि विचारावे: यातून कोणाचे चार घास सुखाचे होणार?