लहान प्रश्नांचे वाङ्मय

आमच्या समीक्षेत काव्य, कादंबरी व नाटक यांना मानाचे पाट मांडलेले असतात. चरित्र व प्रवासवर्णन यांनाही पंगतीच्या टोकाशी का होईना, पान मिळते. परंतु ज्या पुस्तकांकडे मनुष्य दररोजच्या अडचणीत धाव घेतो, ते कोश, ती पंचांगे, ती पाकपुस्तके, त्यांची वाङ्मयात गणना करावी की नाही याचाच निर्णय अद्याप झालेला नाही. त्यांचे परीक्षण झालेच तर ते खंडांच्या संख्येचे व संपादकाच्या परिश्रमाचे होते. विचारणाऱ्याच्या प्रश्नाला त्या पुस्तकाने उत्तर दिले की नाही, ही साधी कसोटी कोणी लावीत नाही. प्रस्तुत लेखात तीच कसोटी लावून पाहण्याचा आमचा विचार आहे.

या कसोटीचे महत्त्व महाराष्ट्रात राहणाऱ्यास तितकेसे जाणवणार नाही. पुण्याच्या वाड्यात किंवा कोकणातल्या आळीत लहान प्रश्न पुस्तकापर्यंत पोहोचतच नाहीत. अमुक सणाला नैवेद्य कोणता, आमसुले किती दिवस टिकतात, म्हणीतला एखादा अडलेला शब्द म्हणजे नेमके काय, या शंका शेजारच्या काकू, घरातील आजी किंवा कोपऱ्यावरचा वाणी यांच्या दारात सुटतात. बदलीच्या नोकरीत मनुष्य दिल्लीस, कलकत्त्यास किंवा शिलाँगला गेला म्हणजे त्याचे सामान मागाहून येते. पण हे शेजार येत नाही. ज्या प्रश्नाला मराठीत उत्तर मिळत नाही तो प्रश्न दुसऱ्या भाषेत विचारला जातो, आणि दुसऱ्यांदा तो दुसऱ्याच भाषेत सुचतो. पत्नीशी बोलताना, मुलाला समजावताना हळूहळू रोजचे शब्द गळून पडतात व मराठी ही गणेशोत्सवातील भाषणापुरती उरते. भाषा मोठ्या प्रश्नांनी मरत नाही. लहान प्रश्नांना तिच्यात जागा उरली नाही म्हणजे तिचे घर रिकामे होते. म्हणूनच हे वाङ्मय आम्ही गौण मानीत नाही.

प्रथम पंचांग घेऊ, कारण परप्रांतातील मराठी घरात दुसरे कोणतेही पुस्तक नसले तरी हे असते. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढून पंचांग भिंतीवर टांगले, आणि शास्त्रीबुवांना विचारावयाच्या शंका गृहिणीच्या नजरेच्या टप्प्यात आणल्या. हे कार्य लहान नव्हे. परंतु पंचांगाचे उत्तर ज्या गावासाठी काढलेले असते त्या गावापुरतेच ते खरे असते. मुंबई सुमारे ७३ रेखांशावर, तर कलकत्ता सुमारे साडेअठ्ठ्याऐंशी रेखांशावर आहे. एका अंशास चार मिनिटे या हिशोबाने दोहोंत साठ-बासष्ट मिनिटांचे अंतर पडते, आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. अक्षांशाचा व ऋतूचा फरक आणखी वेगळा. मुंबईचा चंद्रोदय पाहून संकष्टी सोडणारी कलकत्त्यातील बाई चंद्र चांगला वर आल्यावरही तासभर उपाशी बसते. काही पंचांगे इतर नगरांची कोष्टके देतात, ही समाधानाची गोष्ट होय. पण वेळेत हा फरक का पडतो व तो स्वतः कसा काढावा, हे चार ओळींत सांगणारे पंचांग अधिक उपकारक ठरेल. कोष्टकात नेमके आपल्या बदलीचे गाव नसते, हा अनुभव कोणास नाही?

याहून मोठा घोळ महिन्यांच्या नावांचा. आपला महिना अमावास्येस संपतो, उत्तरेत तो पौर्णिमेस संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षाचे नाव दोन्हीकडे एक असते, वद्य पक्षाचे मात्र बदलते. आपली श्रावण वद्य अष्टमी ती तिकडची भाद्रपद कृष्ण अष्टमी. गोकुळाष्टमी एकच, नावे दोन. लखनौचा शेजारी श्रावणी सोमवार आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू करतो तेव्हा त्याचे चुकत नाही व आपलेही चुकत नाही. १९५७ च्या २२ मार्चपासून, म्हणजे १ चैत्र १८७९ शके या दिवसापासून, केंद्र शासनाने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. तिच्यातील महिने सौर असल्यामुळे सरकारी कागदावरील चैत्र आणि देवघरातील चैत्र यांचीही गाठ पडत नाही. कचेरीत एक तारीख लिहून घरी दुसरी तिथी पाळणाऱ्या अधिकाऱ्याला या तिन्ही पद्धतींचा मेळ दाखवणारे एक पान हवे असते. ते पान आमच्या पंचांगकर्त्यांना अनावश्यक वाटते, याचे कारण त्यांच्या डोळ्यांपुढील वाचक महाराष्ट्र सोडून गेलेला नसतो.

शब्दांच्या बाबतीत मात्र आमचे भाग्य विलक्षण आहे. मराठीतील लहान प्रश्नांचा सर्वांत दिलदार सोबती एका परक्या अधिकाऱ्याने सिद्ध केला. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या सैन्यातला मनुष्य. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला व १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. शास्त्रीमंडळी हाताशी धरून त्याने ग्रंथांतील शब्दांबरोबर शेतातले, माजघरातले, बाजारातले, इतकेच काय शिवीगाळीतलेही शब्द टिपले. शब्द प्रतिष्ठित आहे की नाही यापेक्षा तो कोणाच्या तरी तोंडी आहे की नाही, एवढेच त्याने पाहिले. दूरदेशी आलेल्या अधिकाऱ्याला लहान शब्दावाचून कसे अडते हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याचा कोश विचारणाऱ्याच्या बाजूने रचलेला आहे. इंग्रज अधिकाऱ्याने मराठी समजावे म्हणून केलेला हा ग्रंथ आज महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलाच्या उपयोगी पडतो, हा योग मोठा मनोहर आहे. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात खंड व्याप्तीने मोठे आहेत, आणि मराठी शब्दाचा अर्थ मराठीतच हवा असेल तर त्यांना तोड नाही, तथापि मोल्सवर्थचा आटोपशीरपणा त्यांच्यापाशी नाही. बदलीच्या पेटाऱ्यात एकच कोश बसत असेल तर आम्ही मोल्सवर्थ घालू.

याच्या उलट जातीचा कोश म्हणजे वरून खाली येणारा. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला व फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. महाराष्ट्र शासनाचा १९६२ चा ‘पदनाम कोश’ त्याच कुळातला. अंडर सेक्रेटरीला काय म्हणावे, तर ‘अवर सचिव’. प्रश्न संपला, उत्तर पक्के. अशा कोशाची आवश्यकता आम्ही नाकारीत नाही. दहा कचेऱ्यांत दहा शब्द असून चालत नाही. परंतु हा कोश उत्तर देतो ते हुकमाच्या स्वरूपात देतो. विचारणाऱ्याचे कुतूहल त्याने जागे होत नाही, निकालात निघते.

आता ज्ञानकोशांकडे वळू. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हाती घेतला गेला व १९२० नंतरच्या काही वर्षांत तेवीस खंडांत पुरा झाला. या कर्तृत्वापुढे मान लवते. पण आमची कसोटी लावली असता एक गोष्ट बोलावी लागते. या कोशाचे पहिले पाच खंड प्रस्तावनेचे आहेत. त्यांत हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग व विज्ञानेतिहास असे महाविषय आहेत, आणि ‘अ’पासूनची अकारविल्हे रचना त्यांच्यानंतर सुरू होते. केतकरांना समाजाला शहाणे करावयाचे होते. वाचकाची शंका फेडणे हा त्यांचा दुय्यम हेतू होता. त्यांच्याकडे लहान प्रश्न घेऊन गेलेला मनुष्य बहुधा मोठा प्रश्न घेऊन परततो. हा गुण आहे. पण अंगणात वाळत घातलेल्या पापडावर ढग आले असता तो गुण उपयोगी पडत नाही.

‘मराठी विश्वकोशा’ची गोष्ट निराळी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईस हे काम उभे राहिले, १९७६ पासून खंड निघू लागले व २०१५ साली विसाव्या खंडाने ते पुरे झाले. आता तो संगणकावरही वाचावयास मिळतो, हे परप्रांतीय वाचकाचे भाग्यच. याच्यावरचा आमचा आक्षेप दारापाशीच आहे. शीतकपाट थंडावा कसे देते, ही शंका आलेल्या गृहस्थाला ‘प्रशीतन’ हा शब्द आधी ठाऊक असावा लागतो. ‘प्रारण’ म्हणजे काय हे ठाऊक असणाऱ्यासच ‘प्रारण’ सापडते. उत्तर उत्तम असते, पण प्रश्नाच्या शब्दात ते सापडत नाही.

असे असूनही विश्वकोशातील एक बारीकशी ओळ आम्हास त्या वीस खंडांतील अनेक विद्वत्तापूर्ण नोंदींपेक्षा मोलाची वाटते. वनस्पतींच्या नोंदीत आरंभी कंसात हिंदी, गुजराती, कन्नड, संस्कृत, इंग्रजी व लॅटिन नावे दिलेली असतात. ज्याने परगावच्या मंडईत उभे राहून शेपू मागितला आहे त्यालाच या कंसाची किंमत कळेल. उत्तरेत शेपूला सोया म्हणतात, पडवळाला चिचिंडा म्हणतात, कारळ्याला रामतीळ. बिहारात चिवडा म्हणून मागावे तर कच्चे पोहे हाती येतात, आणि दिल्लीत अळू म्हणावे तर बटाटे. नाव कळल्यावरही वस्तू तीच असेल असे नाही. केरळात आमसुलासारखी आंबट, वाळवलेली कुडमपुळी मिळते. ती कोकमाच्याच कुळातील असली तरी झाड निराळे व चवही निराळी. तेथे लॅटिन नावच शेवटचा निवाडा करते. संपादकांनी हा कंस शास्त्रीय शिस्त म्हणून घातला असेल. बदलीच्या गावी तो शेजारणीचे काम करतो.

शेवटी पाकपुस्तके. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली निघाले आणि त्यात हजार पाकक्रिया सांगितल्या गेल्या. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० सालची. या दोन सालांच्या मध्ये देशातील मापेच बदलली: १९५७ च्या एप्रिलात दशमान नाणी आली व १९५८ ते १९६२ च्या दरम्यान शेर-तोळे जाऊन किलो-ग्रॅम आले. ऐंशी तोळ्यांचा सरकारी शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम हा हिशोब सोपा. पण त्याखेरीज गावोगावचे शेर निरनिराळे होते, तेव्हा जुन्या पुस्तकातील शेर कोणता, हे ठरवणे कठीण. ‘रुचिरे’ने वाटी व चमचा ही मापे घेतली आणि हा प्रश्नच मिटवला. वाटी लहानमोठी असते, असा आक्षेप घेता येईल. परंतु रवा व साखर एकाच वाटीने मोजल्यावर वाटी केवढीही असो, प्रमाण ढळत नाही. जे माप विचारणाऱ्याच्या हातात आधीपासून आहे त्यातच उत्तर देणे, याला आम्ही लेखनातील मोठे शहाणपण मानतो. ‘रुचिरा’ घरोघर गेली त्याचे बरेचसे श्रेय या शहाणपणाला आहे.

मात्र पाकपुस्तकेदेखील एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे पाणी व हवा आपल्याकडचीच आहे. सुमारे दर तीनशे मीटर उंचीस पाणी एक अंश कमी उष्णतेवर उकळते. सिमला समुद्रसपाटीपासून बावीसशे मीटरांच्या आसपास, म्हणजे तेथे पाणी त्र्याण्णव अंशांच्या सुमारास उकळते व उघड्या पातेल्यातील डाळ शिजता शिजत नाही. झाकणबंद दाबपात्र तेथे चैनीची वस्तू राहत नाही. सपाटीवरही जड पाण्यातील चुन्याचे क्षार डाळीचे साल व गर घट्ट ठेवतात. चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यास ती लवकर मऊ होते, जरी त्याने काही जीवनसत्त्वे कमी होतात. ज्या बाईला हे सांगणारे कोणी नसते ती डाळ वाईट निघाली म्हणून दुकानदाराशी भांडते, किंवा आपल्या हाताला दोष देते.

या सर्व ग्रंथांकडे एकत्र पाहिले असता चांगल्या उत्तराची तीन लक्षणे दिसतात. ते विचारणाऱ्याच्या शब्दात सापडले पाहिजे, हे मोल्सवर्थला साधले व विश्वकोशाला साधले नाही. ते विचारणाऱ्याच्या मापात असले पाहिजे, हे ‘रुचिरे’ला साधले. आणि ते विचारणाऱ्याच्या ठिकाणी उभे राहून दिलेले असले पाहिजे. हे मात्र विश्वकोशाच्या त्या कंसाखेरीज जवळजवळ कोणालाच साधलेले नाही. हल्ली हातातील यंत्रास विचारले की क्षणात उत्तर येते हे खरे, आणि त्याची निंदा करण्याचे कारण नाही. परंतु सोया म्हणजे आपला शेपू हे सांगणारे मराठी वाक्य कोणीतरी आधी लिहून ठेवलेले असल्याशिवाय यंत्रही ते आणणार कोठून?

ते लिहिण्यास आमच्या वाचकांइतका अधिकारी वर्ग दुसरा नाही. पटण्याचा बाजार, जोरहाटची हवा, जोधपूरचे पाणी यांचा अनुभव पुण्यातील संपादकाला नाही. तो बदली भोगलेल्या मराठी कुटुंबांना आहे. प्रत्येक गाव सोडताना मागून येणाऱ्यासाठी भाज्यांची नावे, सणांचा मेळ व पाण्याची तऱ्हा अशी दोन पाने मराठीत लिहून ठेवली, तर आज ना उद्या त्यांतून एखादा ग्रंथ उभा राहील. त्याला वाङ्मय म्हणावे की नाही याची चर्चा मग समीक्षकांनी सवडीने करावी. तोवर त्या गावी नव्याने आलेल्या घरात डाळ शिजलेली असेल.