लँडेसचं पुस्तक आणि मशीन नसलेलं घड्याळ

एखाद्या मोठ्या पुस्तकावर टीका करायची म्हणजे त्यातली चूक शोधायची, असं संशोधनाची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं. पण पुस्तक बरोबर असूनही अपुरं असू शकतं. आज त्याचं एक उदाहरण घेऊ.

डेव्हिड लँडेस यांचं 'रेव्होल्यूशन इन टाइम' (1983) हे घड्याळांच्या इतिहासावरचं गाजलेलं पुस्तक. यांत्रिक घड्याळ युरोपात का घडलं, चीनमध्ये का नाही, अचूकता कशी वाढली, धंदा इंग्लंडकडून स्वित्झर्लंड, अमेरिका, जपानकडे कसा सरकला, अशी त्याची मांडणी. त्यातला एक भेद फार उपयोगी आहे: बाहेरच्या घंटेचं ऐकणं वेगळं आणि स्वतःच्या घड्याळावर आपणच वेळ पाळणं वेगळं. सोलापूरकराला हे लगेच कळतं. 1870 च्या दशकात जुनी मिल उभी राहिली, पुढे आणखी गिरण्या आल्या आणि भोंग्यावर दिवस चालू लागला.

मग अडचण कुठे आली? आमच्या घरच्या भिंतीवर. पणजोबांच्या वेळचं लंबकाचं घड्याळ आहे. मशीन कधीतरी दुरुस्तीला गेलं ते परत आलंच नाही. पेटी, तबकडी आणि लंबक उरले. योग्य मशीन बसवायचं ठरवलं, तेव्हा दोन सल्ले मिळाले. एक, "सेलचं मशीन टाका, काम होईल." दोन, "तबकडीवरच्या नावाचं मशीन शोधा."

दोन्ही फसवे. सेलचं मशीन जवळपास कुठल्याही पेटीत बसतं, म्हणूनच ते या पेटीबद्दल काहीच सांगत नाही. आणि तबकडीवर अनेकदा विकणाऱ्या दुकानाचं नाव असायचं. कारखान्याची खूण बहुधा मशीनच्या मागच्या पितळी पत्र्यावर, आणि नेमका तोच आमच्याकडे नाही. तबकडीच्या तळाशी 'मेड इन जर्मनी' आहे. आयात मालावर देश छापण्याची चाल 1887 च्या ब्रिटिश कायद्यानंतर रूढ झाली, भारतातला कायदा 1889 चा. म्हणजे तबकडी बहुधा त्यानंतरची. तबकडी हं, घड्याळ नव्हे!

मग पेटीलाच विचारायचं. चावीची भोकं दोन, म्हणजे एक स्प्रिंग वेळेची, दुसरी टोल्यांची. त्या दोन भोकांमधलं आणि मधल्या काट्यापासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजलं. मग लंबक. तासाला 7200 टिकटिक करणाऱ्या लंबकाची सैद्धांतिक लांबी सुमारे 24.8 सेंटिमीटर, 3600 टिकटिकीची 99.4. टिकटिक निम्मी, तर लांबी चौपट. मशीनमधल्या चाकांचे दाते या लांबीशी जुळले नाहीत, तर खालची चकती कितीही फिरवा, घड्याळ वेळ दाखवणार नाही.

हे मोजताना पेटीच्या आत स्क्रूच्या भोकांचे दोन संच दिसले. म्हणजे मशीन आधीच एकदा बदललेलं असावं. मी 'मूळ' म्हणून जे शोधत होते, ते कोणतं मूळ?

इथे लँडेस अपुरे पडतात. त्यांचं लक्ष घड्याळ बनवणाऱ्यांवर आणि विकणाऱ्यांवर आहे. विकल्यानंतरच्या पन्नास-शंभर वर्षांत घड्याळजीनं काय काय बदललं, याला तिथे फारशी जागा नाही. शिवाय आजी सांगते, भोंगा झाला की आजोबा काटे जुळवायचे. घरात घड्याळ होतं, पण वेळ भोंग्याचीच. ऐकणं आणि पाळणं हा भेद आमच्या भिंतीवर तरी इतका स्वच्छ नव्हता. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांवरून नाही, तर वापरावरून आणि देखभालीवरून लिहावा, असं डेव्हिड एजर्टन 'द शॉक ऑफ द ओल्ड' या पुस्तकात मांडतात. लँडेस यांच्यासोबत तेही वाचा.

अर्थात एका पेटीतल्या भोकांनी लँडेस खोटे ठरत नाहीत. टीकेचं वजन पुराव्याइतकंच ठेवायचं. माझा दावा एवढाच, की 'घड्याळ आलं' याचा अर्थ 'वेळेची शिस्त आली' असा घेण्याआधी ते चालू कोण ठेवत होतं आणि कशाला लावत होतं, हे विचारावं.

मशीन अजून मिळालेलं नाही. अट एकच ठेवली आहे: तिसरा संच पाडायचा नाही. जुन्या भोकांत बसेल आणि या लंबकावर चालेल तेच घ्यायचं, आणि कधी बदललं याची चिठ्ठी पेटीत ठेवायची. पुढे कुणी हे घड्याळ उघडेल, तेव्हा तिला माझ्यासारखा अंदाज करावा लागू नये.