पॉयरोची उतरती कळा

हर्क्यूल पॉयरो वाचकांपुढे प्रथम आला १९२० साली, आणि त्याचा शेवट सांगणारी ‘कर्टन’ निघाली १९७५ साली. तेहेतीस कादंबऱ्यांच्या ह्या मालिकेत चढउतार असणारच. परंतु ॲगाथा ख्रिस्तीबाईंच्या अखेरच्या पुस्तकांविषयी लिहिताना वयाकडे पाहून गप्प बसावे, हा शिष्टाचार आम्हांला मान्य नाही.

दोनच पुस्तके शेजारी ठेवावीत. ‘फाइव्ह लिटल पिग्ज’ १९४२ ची, ‘एलिफंट्स कॅन रिमेंबर’ १९७२ ची. दोहोंतही एका तरुणीच्या आईबापांचा जुना इतिहास उकलायचा आहे आणि पुरावा म्हणाल तर केवळ लोकांच्या आठवणी. पहिल्या कादंबरीत पतीला विष दिल्याबद्दल दोषी ठरलेली कॅरोलिन क्रेल तुरुंगातच वारली आहे. सोळा वर्षांनी पॉयरो दोन्ही बाजूंच्या वकिलांना भेटतो, तपास केलेल्या पोलीस अधिकाऱ्याला भेटतो आणि पाच साक्षीदारांकडून लेखी जबान्या घेतो. कानावर पडलेल्या एका साध्या वाक्याला ऐकणारे आपापल्या समजुतीप्रमाणे अर्थ लावतात, आणि सारे प्रकरण त्यावर फिरते! साक्षीपुराव्यात ज्यांचा जन्म गेला त्यांनीही ही उलटतपासणी मुद्दाम वाचावी.

दुसऱ्या कादंबरीत कड्यावर गोळी लागून मेलेल्या दांपत्याचे कोडे आहे. आरंभ चांगला आहे. पण कीर्तनात पूर्वरंग रंगावा आणि उत्तररंगात बुवांना आख्यानच आठवू नये, तशी पुढे गत होते. साक्षीदार तेच ते बोलतात. घटनेला किती वर्षे झाली, हा आकडासुद्धा पुस्तकभर स्थिर राहत नाही. पॉयरोने ह्या विसंगतीवर बोट ठेवले असते तर आम्ही टाळी दिली असती; त्याला ती दिसतच नाही. पूर्वी विसरत होती ती पात्रे. येथे लेखणीच विसरते आहे.

२००९ साली टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी ह्या कादंबरीतील शब्दसंपत्ती पूर्वीपेक्षा बरीच आटल्याचे दाखवून त्यामागे स्मृतिभ्रंश असावा असा तर्क केला. तो खरा असल्यास बाईंना दोष कोण देईल? आमची फिर्याद प्रकाशकांवर आहे. दरवर्षी नाताळाला ख्रिस्तीचे नवे पुस्तक, ही त्यांची जाहिरात. वर्षांचा हिशेब जुळवायला मात्र एखाद्या संपादकाची शिसपेन्सिलही फिरली नाही. वाचकाने पूर्ण किंमत मोजली होती.

‘कर्टन’ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून राखून ठेवलेली होती. म्हणून ‘एलिफंट्स’नंतर तीनच वर्षांनी ती हाती घेणाऱ्याला जुनी धार पुन्हा भेटते, आणि मधल्या पुस्तकांत काय हरवले होते तेही पानोपानी कळत जाते.