बांधकामशास्त्रातील संशोधकाची ओळख : एक परीक्षण

अलीकडे आपल्या विद्यापीठांत एक प्रघात पडला आहे. वर्षातून एकदा एक जंत्री प्रसिद्ध होते. तीत ज्या अध्यापकाचे नाव येते त्याचे अभिनंदन सूचनाफलकावर लागते. ज्याचे येत नाही त्याच्या कामाची चौकशी कोणी करीत नाही. 'जगातील पहिल्या दोन टक्क्यांतील शास्त्रज्ञ' या नावाने ती ओळखली जाते. जॉन इओआनिडिस आणि त्यांचे तीन सहकारी यांनी २०१९ साली 'प्लॉस बायॉलॉजी' या नियतकालिकात तिची पद्धत मांडली. प्रस्तुत लेखात त्या पद्धतीचे परीक्षण बांधकाम, बांधकाम-द्रव्ये आणि इमारत-अभियांत्रिकी एवढ्या विषयांपुरते करावयाचे योजिले आहे.

पद्धतीचा गुण प्रथम सांगितला पाहिजे. एकाच आकड्यावर विसंबणे कर्त्यांनी टाळले आहे. एकूण अवतरणे, २००५ साली हर्श यांनी सुचविलेला एच-निर्देशांक, सहलेखकांच्या संख्येप्रमाणे दुरुस्त केलेला त्याचाच दुसरा प्रकार, आणि लेखक एकटा, पहिला वा शेवटचा असलेल्या निबंधांची अवतरणे, अशा सहा मापांचा त्यांनी मेळ घातला आहे. स्वतःच स्वतःला दिलेली अवतरणे वगळल्यास काय उरते, तेही दाखविले आहे. 'इमारत व बांधकाम' या उपक्षेत्राला स्वतंत्र स्थान दिल्यामुळे आमच्या विषयाची तुलना वैद्यकाशी होण्याचा अन्याय टळतो. वशिल्याने मिळणाऱ्या मानसन्मानांपेक्षा उघड्या नियमांनी चालणारी मोजणी केव्हाही बरी, हे मान्य करावयास कोणाचीच हरकत नसावी.

प्रश्न निराळा आहे. ही मोजणी ज्याला 'कार्य' म्हणते, तेच या शास्त्रातील कार्य आहे काय? उत्तरासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असलेला एक नियम घेऊ. काँक्रीटची मजबुती मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर अवलंबून असते, या नियमाला आपण 'अब्रॅम्सचा नियम' म्हणतो. डफ अब्रॅम्स यांनी शिकागो येथील ल्युइस इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेत तो सिद्ध केला आणि डिसेंबर १९१८ मध्ये त्या प्रयोगशाळेच्या पहिल्या पत्रकात छापला.

परंतु या नियमाचे मूळ त्याहून जुने आहे. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील बूलोन येथे पूल व रस्ते खात्याची एक प्रयोगशाळा होती. तिचे प्रमुख रने फेरे यांनी १८९२ साली चुन्या-सिमेंटच्या मसाल्याच्या घनतेवर एक विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच दशकात मजबुतीचे सूत्र दिले. सिमेंटच्या घनफळाला सिमेंट, पाणी व हवा यांच्या एकत्रित घनफळाने भागावे; येणाऱ्या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात मजबुती असते, असे ते सूत्र आहे. आता काँक्रीट नीट ठोकून त्यातील हवा जवळजवळ काढून टाकली अशी कल्पना करा. छेदात सिमेंट आणि पाणी एवढेच उरते, आणि सारे गुणोत्तर पाणी-सिमेंट प्रमाणावर ठरते. म्हणजे अब्रॅम्स यांचे तत्त्व फेरे यांच्या सूत्राच्या पोटात, हवा नसण्याच्या विशिष्ट स्थितीत, आधीच होते.

म्हणून अब्रॅम्स यांनी दुसऱ्याचे श्रेय घेतले असे म्हणावयाचे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. काँक्रीट कामाजोगे मऊ असेतोपर्यंतच नियम लागू पडतो ही मर्यादा त्यांनी घातली. वाळू-खडीच्या भरडपणासाठी सूक्ष्मता-मापांक दिला. आणि कामावरच्या मुकादमालाही पाळता येईल असे रूप तत्त्वाला दिले. पुढे अमेरिकेतील पोर्टलंड सिमेंट असोसिएशनच्या प्रयोगशाळेत ट्रेव्हल पॉवर्स व ब्राउनयार्ड यांनी १९४६-४७ मध्ये नऊ भागांत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या नियमाचे कारण उलगडले. पूर्ण संयोग पावलेले सिमेंट आपल्या वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणी रासायनिक रीतीने बांधून घेते. आणखी काही पाणी तयार झालेल्या चिकट द्रव्याच्या अतिसूक्ष्म छिद्रांत अडकते. याहून जे अधिक घातले त्याच्या जागी पोकळ्या राहतात, आणि त्याच पोकळ्या मजबुती खातात. पॉवर्स यांनी पुढे मांडलेले द्रव्य आणि अवकाश यांच्या गुणोत्तराचे सूत्र फेरे यांच्याच वळणाचे आहे.

एका नियमामागे ही तीन भिन्न जातींची कार्ये आहेत. पहिल्याने तत्त्व पाहिले, दुसऱ्याने ते वापरात आणले, तिसऱ्याने त्याचा कार्यकारणभाव सांगितला. ज्याला 'ओळख' म्हणावयाचे तिने हा भेद सांगितला पाहिजे. नियमाला एकच नाव देणारी आपली पाठ्यपुस्तके तो सांगत नाहीत, आणि अवतरणांची बेरीज तर तो सांगूच शकत नाही. ब्राउनयार्ड यांचे नाव 'पॉवर्स प्रतिमान' या रूढ संज्ञेतून गळाले. ब्रौवर्स यांनी २००४ साली त्या कार्याचा पुनर्विचार करताना ते शीर्षकात परत घातले. असे काम कोणत्याही यंत्राचे नव्हे. मूळ ग्रंथ वाचणाऱ्या माणसाचे आहे.

येथे या शास्त्राचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावयास हवे. इतर शास्त्रांत सिद्धांत जसा स्थिरावतो तसे कर्त्याचे नाव मोठे होते. आमच्याकडे निष्कर्ष पुरता स्थिरावला की तो संहितेत शिरतो आणि निनावी होतो. भारतीय मानक ४५६ याच्या २००० सालच्या आवृत्तीत किनाऱ्यावरील हवामानास 'तीव्र' ठरवून लोखंडी सळयांच्या काँक्रीटसाठी पाणी-सिमेंट प्रमाणाची कमाल मर्यादा ०.४५ दिली आहे. मुंबईला वा रत्नागिरीला पूल बांधणारा अभियंता त्या तक्त्याचे पालन करतो, पण फेरे, अब्रॅम्स वा पॉवर्स यांना अवतरण देत नाही. टॉमस स्टँटन यांचेही तसेच. ते कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्यात होते. सिमेंटमधील अल्कली आणि विशिष्ट जातीची खडी यांच्या प्रक्रियेने काँक्रीट फुगून तडकते, हे त्यांनी १९४० साली दाखविले. सिमेंटमधील अल्कलीला घातलेली ०.६० टक्क्यांची प्रसिद्ध मर्यादा त्यांच्याच प्रयोगांतून निघाली. आज ती आकड्याच्या रूपाने जिवंत आहे, नावाच्या रूपाने क्वचितच. शिवाय उपरोक्त जंत्री १९९६ पासूनची अवतरणे मोजते, आणि तीही ठरावीक संग्रहात नोंदलेल्या नियतकालिकांतील. संहिता आणि प्रयोगशाळांची पत्रके तिच्या हिशेबात गौण ठरतात; आणि अब्रॅम्स यांचा नियम एका पत्रकातच छापला गेला होता!

दुसरी अडचण काळाची आहे. २८ दिवसांची मजबुती २८ दिवसांत कळते. टिकाऊपणा कळावयास पंधरा-वीस वर्षे लागतात. सळईपर्यंत क्षार केव्हा पोचतात हे पाहण्यासाठी समुद्रकाठी ठोकळे मांडून बसणाऱ्या संशोधकाच्या वार्षिक अहवालात दाखविण्याजोगे फारसे काही नसते. १९५८ पासून दिल्या गेलेल्या शांतिस्वरूप भटनागर पारितोषिकास ४५ वर्षांची वयोमर्यादा होती, आणि २०२३ साली त्याची जागा घेणाऱ्या 'विज्ञान युवा' पुरस्कारासही ती आहे. तरुणांना उत्तेजन हा हेतू स्तुत्य खरा. पण पस्तिसाव्या वर्षी ठोकळे मांडणाऱ्याला त्यांचे उत्तर पंचावन्नाव्या वर्षी मिळते, ही वस्तुस्थिती त्या नियमात बसत नाही.

तिसरी अडचण सामुदायिक कामाची. चुनखडी आणि भाजलेली चिकणमाती घालून जळित गुठळीचे, म्हणजे क्लिंकरचे, प्रमाण सुमारे निम्म्यावर आणणारे सिमेंट स्वित्झर्लंडमधील कॅरेन स्क्रिव्हनर, क्यूबातील फर्नांदो मार्तिरेना आणि भारतातील आय.आय.टी.मधील संशोधक यांच्या सहकार्याने पुढे आले. त्याचे भारतीय मानक २०२३ साली निघाले. त्यामागील भट्टीवरच्या चाचण्या, मातीचे नमुने, संहिता-समितीतील बैठका यांत पहिला लेखक कोण आणि शेवटचा कोण, हे विचारण्यात कितपत अर्थ आहे?

यावर एक आक्षेप येईल. संहितेत शिरणे हीच कसोटी मानली तर समितीत ज्याचे वजन अधिक त्याचाच निष्कर्ष श्रेष्ठ ठरेल. आक्षेप खरा आहे. संहिता चुकतात, आणि एकदा शिरलेला चुकीचा आकडा दशकानुदशके निघत नाही. म्हणून एका मोजणीच्या जागी दुसरी मोजणी बसवावी असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. नेमणूक वा बढती करणाऱ्या समितीने उमेदवाराचे तीनच निबंध मागवावेत, ते वाचावेत, आणि प्रत्येकाविषयी लेखी उत्तर द्यावे: यात तत्त्व नवे आहे की उपयोग की कारणमीमांसा? निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळेत पडताळला गेला आहे काय? प्रतिकूल निकाल लपविले तर नाहीत ना? यास वेळ लागेल. पण ज्या समितीला तीन निबंध वाचावयास वेळ नाही, तिला निवडीचा अधिकार कशाच्या बळावर असावा?

या साऱ्यात सर्वांत अधिक पणाला लागले आहे ते विद्यार्थ्यांचे. संशोधनाचा विषय निवडताना पदव्युत्तर विद्यार्थी गुरूचा उपदेश कमी ऐकतो आणि विभागात मान कशाला मिळतो ते अधिक पाहतो. सहा महिन्यांत चार निबंध देणारे मिश्रण हवे, की वीस वर्षांनी एकच उत्तर देणारा ठोकळा, हा निर्णय तो सूचनाफलकाकडे पाहून घेतो. फलकावर केवळ जंत्री लागत राहिली तर आणखी एका पिढीने ठोकळे कोणी मांडलेले नसतील, आणि आपल्या किनाऱ्यासाठीचे आकडे आपणांस परक्या समुद्रावरून आणावे लागतील.