राइनहार्ट, माक्स

(९ सप्टेंबर १८७३ – ऑक्टोबर १९४३). ऑस्ट्रियन नाट्यनिर्माता व दिग्दर्शक. मूळ नाव माक्सिमिलिआन गोल्डमान. जन्म व्हिएन्नाजवळील बाडेन येथे एका ज्यू व्यापारी कुटुंबात. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत जर्मनभाषिक रंगभूमीवर त्याचा प्रभाव सर्वाधिक होता. नट म्हणून त्याने साल्झबर्ग येथे काही काळ काम केले. तेथूनच १८९४ मध्ये ऑटो ब्राम याने त्याला बर्लिनच्या ‘डॉइचेस टेआटर’ या नाट्यगृहात आणले. ब्राम हा निसर्गवादी नाटकाचा कडवा पुरस्कर्ता होता. त्याच्या हाताखाली राइनहार्टने ऐन विशीत वृद्धांच्या भूमिका वठवून नाव मिळविले. बारकाव्यांनिशी केलेल्या जीवनदर्शनाचे मोल तो येथे शिकला. तथापि दारिद्र्य व विफलता यांच्या चित्रणातच गुंतलेल्या रंगभूमीने रंग, संगीत आणि क्रीडा यांचा आनंद गमावला आहे, असेही त्याला वाटू लागले.

या असमाधानातून १९०१ मध्ये त्याने काही मित्रांसमवेत एक विडंबनप्रधान रंगमंडळ काढले. त्याचेच पुढे ‘क्लाइनेस टेआटर’ (छोटे नाट्यगृह) झाले. गॉर्कीच्या तळागाळातील जीवनावरील नाटकाचा जो प्रयोग येथे १९०३ मध्ये सुरू झाला, त्याला असाधारण लोकप्रियता लाभली. दिग्दर्शन रिखार्ट फालेन्टिनचे असून लुका या वृद्ध यात्रिकाची भूमिका राइनहार्टने केली होती. त्याच वर्षी ‘नॉयेस टेआटर’ हे दुसरे नाट्यगृह त्याच्याकडे आले. तेथे ३१ जानेवारी १९०५ रोजी सादर झालेल्या शेक्सपिअरच्या अ मिडसमर नाइट्स ड्रीम या नाटकाने त्याची कीर्ती प्रस्थापित केली. फिरत्या रंगमंचावर उभारलेले अरण्य प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत वळत असे आणि पात्रे त्यातून वाट काढीत. फिरता रंगमंच जर्मनीत म्यूनिक येथे १८९६ पासूनच वापरात होता. परंतु दृश्यबदलाची ही यांत्रिक सोय राइनहार्टने नाटकाच्या आशयाचा भाग बनविली. त्याच वर्षी डॉइचेस टेआटरची सूत्रे त्याच्या हाती आली.

राइनहार्टच्या कार्याचे मर्म कोणत्याही एका शैलीत सापडत नाही. प्रत्येक नाटकाला त्याची स्वतःची जागा असते आणि नट व प्रेक्षक यांच्यातील अंतर ठरविणे हे निर्मात्याचे पहिले काम होय, ही त्याच्या निर्मितीमागील मध्यवर्ती कल्पना होती. डॉइचेस टेआटरच्या शेजारी त्याने ‘कामरश्पीले’ हे सुमारे तीनशे आसनांचे नाट्यगृह उभारले. ८ नोव्हेंबर १९०६ रोजी इब्सेनच्या गोस्ट्स या नाटकाने त्याचे उद्‌घाटन झाले. नेपथ्याची रेखाटने चित्रकार एडव्हार्ट मुंक याची होती. त्याच महिन्यात फ्रांक व्हेडेकिंटच्या स्प्रिंग्ज अवेकनिंग या पौगंडावस्थेतील कामभावनेवरील नाटकाचा पहिला प्रयोग येथेच झाला. कुजबुज आणि मौनही ज्यात अर्थपूर्ण ठरते, अशा अभिनयाला ही जवळीक आवश्यक होती.

याच निर्मात्याने १९१० मध्ये सॉफोक्लीझचे इडिपस हे नाटक हूगो फोन होफमान्सटालच्या रूपांतरात म्यूनिकच्या विशाल सभागृहात व नंतर बर्लिनच्या शूमान सर्कशीच्या रिंगणात नेले. पडदा व चौकट नाहीशी झाली. जनसमुदायाची भूमिका करणारे शेकडो लोक प्रेक्षकांसमोर लोटले. होफमान्सटालचेच येडरमान हे नाटक १९११ मध्ये याच रिंगणात सादर झाले. त्याच वर्षाअखेर लंडनच्या ऑलिंपिया या प्रदर्शनगृहाचे अंतरंग कॅथीड्रलसारखे सजवून तेथे कार्ल फोल्मलरचे द मिरॅकल हे मूकनाट्य झाले. रिंगणाची ही कल्पना स्थायी करण्यासाठी वास्तुशिल्पज्ञ हान्स पल्त्सिख याने सर्कशीच्या त्या इमारतीचे ‘ग्रोसेस शाउश्पीलहाउस’ या तीन हजारांहून अधिक प्रेक्षकांच्या नाट्यगृहात रूपांतर केले (१९१९). २२ ऑगस्ट १९२० रोजी साल्झबर्गच्या कॅथीड्रलसमोरील चौकात येडरमानचा प्रयोग होऊन तेथील वार्षिक महोत्सवास प्रारंभ झाला. या प्रयोगात चौक, चर्चचे मनोरे, घंटानाद आणि मावळता प्रकाश हेच नेपथ्य होते.

या व्यापामागे काटेकोर संघटना होती. प्रत्येक नाटकासाठी राइनहार्ट तपशीलवार प्रयोगसंहिता तयार करी. तीत हालचाली, स्वर, विराम आणि प्रकाशयोजना यांची नोंद तालमींपूर्वीच असे. मात्र प्रत्यक्ष तालमीत तो नटाच्या अंगभूत प्रवृत्तीला वाव देई. अलेक्सांडर मोइसी, गेर्ट्रूड आयझोल्ट, व्हेर्नर क्राउस यांसारखे नट त्याच्या नाट्यगृहांत नावारूपास आले. एर्न्स्ट लूबिच व फ्रीड्रिख मुर्नाउ हे पुढे ख्यातनाम झालेले चित्रपट-दिग्दर्शक त्याच्याच मंडळीत नट होते. बर्लिन येथे अभिनयशाळा (१९०५) आणि व्हिएन्ना येथे नाट्यशिक्षणसंस्था (१९२९) त्याने स्थापन केली. आर्थिक व्यवहार त्याचा भाऊ एडमुंट सांभाळी. १९२९ मध्ये त्याच्या निधनाने या उद्योगाचा मोठा आधार गेला.

राइनहार्टवर समकालीनांनी घेतलेले आक्षेप गंभीर आहेत. साल्झबर्गच्या चर्चमध्ये १९२२ मध्ये होफमान्सटालचे जगन्नाट्य सादर झाले, तेव्हा धर्म आणि पर्यटन यांच्या या मिश्रणावर व्हिएन्नाचा उपरोधकार कार्ल क्राउस याने प्रखर टीका केली. बेर्टोल्ट ब्रेक्ट १९२४ मध्ये डॉइचेस टेआटरमध्ये साहाय्यक नाट्यसल्लागार होता. प्रेक्षकाला भारून टाकणाऱ्या ज्या रंगभूमीला त्याने पुढे विरोध केला, तिचे सर्वांत समर्थ रूप त्याने येथेच पाहिले. या आक्षेपांत तथ्य आहे. रिंगणातील प्रयोगांत समुदाय हा विचार करणारा घटक न राहता परिणामाचे साधन बनतो. संवादप्रधान नाटक त्या विस्तारात हरवते, हेही अनुभवास आले आणि १९२४ पासून ग्रोसेस शाउश्पीलहाउसमध्ये संगीत-नृत्याचे झगमगते कार्यक्रम होऊ लागले. तथापि एर्व्हिन पिस्काटरने आपला राजकीय नाट्यप्रयोग १९२५ मध्ये याच वास्तूत केला, ही गोष्ट लक्षणीय आहे. राइनहार्टने जागा खुली केली. तिचा हेतू दुसऱ्यांनी ठरविला.

रंगभूमी राजकारणापासून अलिप्त राहू शकते, या त्याच्या विश्वासाची कसोटी इतिहासाने घेतली. १९१४ मध्ये जर्मनीच्या युद्धभूमिकेचे समर्थन करणाऱ्या ९३ विचारवंत व कलावंतांच्या जाहीरनाम्यावर त्याची सही होती. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच ज्यू म्हणून त्याला जर्मनी सोडावी लागली. जून १९३३ मध्ये ऑक्सफर्ड येथून सरकारला लिहिलेल्या पत्रात त्याने आपली नाट्यगृहे जर्मन राष्ट्राच्या स्वाधीन केली. १९३८ मध्ये ऑस्ट्रियाही नाझींच्या ताब्यात गेल्यावर साल्झबर्गजवळील त्याचा लेओपोल्ट्सक्रोन हा प्रासाद जप्त झाला आणि येडरमान महोत्सवातून वगळले गेले. ते १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाले.

अमेरिकेत त्याला आरंभी यश लाभले. हॉलिवुड बोल या खुल्या रंगमंदिरात अ मिडसमर नाइट्स ड्रीमचा प्रयोग (१९३४) गाजला व पुढील वर्षी विल्यम डीटर्ले याच्यासह त्याने त्यावर चित्रपट काढला. परंतु फ्रान्ट्स व्हेर्फेलची संहिता आणि कुर्ट व्हाइलचे संगीत असलेले द इटर्नल रोड (१९३७) हे भव्य नाटक खर्चाच्या भाराने बुडाले आणि थॉर्नटन वाइल्डरचे द मर्चंट ऑफ याँकर्स (१९३८) थोड्याच प्रयोगांनंतर बंद पडले. निष्ठावंत नटसंच, कायम नाट्यगृह आणि दीर्घ तालमी यांविना त्याची पद्धती चालू शकत नव्हती. न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले.

राइनहार्टचे वैभव व्यक्तिनिष्ठ होते, म्हणून ते त्याच्याबरोबर संपले. कोणताही पंथ वा सिद्धांत त्याने मागे ठेवला नाही. मात्र नाटकानुसार जागा निवडण्याची दृष्टी, छोट्या नाट्यगृहातील जवळिकीचे महत्त्व आणि निर्माता हा केवळ भांडवल पुरविणारा नसून प्रयोगाच्या सर्व अंगांचा संयोजक असतो, ही जाणीव पुढील पिढ्यांनी त्याच्याकडूनच घेतली. ज्या नॉयेस टेआटरमध्ये त्याचे अरण्य फिरले होते, त्याच इमारतीत १९५४ पासून ब्रेक्टच्या ‘बर्लिनर आन्सांब्ल’ने आपले बिऱ्हाड केले. दोन परस्परविरोधी नाट्यदृष्टींना एकच रंगमंच पुरला, यात राइनहार्टच्या मूळ भूमिकेचाच एक प्रकारे प्रत्यय येतो.